युरेनियमची समस्थानिक गुणोत्तरे मोजताना: प्रमाणित संदर्भ पदार्थाची निवड, वापर आणि हिशोब

१९७२ साली फ्रान्समधल्या पिएरलात इथल्या प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीत एक नमुना किंचित वेगळा निघाला. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२० टक्के असते, त्या नमुन्यात ते ०.७१७ होते. फरक तिसऱ्या दशांश स्थळाचा. त्याचा माग काढत लोक गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीपर्यंत पोचले. तिथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी खडकातच आपोआप अणुविखंडन चालले होते, असे निष्पन्न झाले.

हा प्रसंग मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण त्यात या कामाचे मर्म आहे. तुमच्या यंत्राने, म्हणजे वस्तुमानानुसार समस्थानिक वेगळे करून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने, ०.७१७ दाखवले, तर पहिला प्रश्न असतो: नमुना वेगळा आहे की यंत्र चुकते आहे? याचे उत्तर यंत्राकडे नसते. ते संदर्भ पदार्थाच्या (ज्याची गुणोत्तरे आधीच ठरवून प्रमाणित केलेली असतात अशा पदार्थाच्या) बाटलीत आणि तिच्यासोबत आलेल्या प्रमाणपत्रात असते. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा त्या बाटलीबद्दल जास्त लिहिले आहे.

नक्की काय मोजायचे आहे ते आधी ठरवा

नैसर्गिक युरेनियममध्ये २३८ चे प्रमाण ९९.२७ टक्के, २३५ चे ०.७२ टक्के आणि २३४ चे फक्त ०.००५४ टक्के असते. २३६ निसर्गात जवळजवळ नसतेच. ते मोजण्याइतके दिसले, तर ते युरेनियम कधीतरी अणुभट्टीतून गेलेले आहे किंवा तशा युरेनियमशी त्याचा संपर्क आला आहे, असे समजावे. २३३ सुद्धा नैसर्गिक नमुन्यात नसते, आणि म्हणूनच ते स्पाइक (नमुन्यात मुद्दाम मिसळायचे खुणेचे समस्थानिक) म्हणून आपल्या उपयोगी पडते.

२३५/२३८, २३४/२३८ आणि २३६/२३८ ही तीन गुणोत्तरे म्हणजे तीन वेगळी मोजमापे आहेत. पहिल्यात दोन्ही प्रवाह फॅराडे कपमध्ये (आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, प्रवाह मोजणाऱ्या डिटेक्टरमध्ये) मोजता येतात आणि खरी लढाई मास बायसशी असते, म्हणजे हलके आणि जड समस्थानिक यंत्रात सारख्या प्रमाणात मोजले जात नाहीत त्या चुकीशी. दुसऱ्यात एक बाजू दुसरीच्या अठरा-एकोणीस हजार पट असते, त्यामुळे डिटेक्टरांचा आपसातला मेळ महत्त्वाचा ठरतो. तिसऱ्यात २३८ च्या शिखराची शेपटी (शेजारच्या वस्तुमानांवर सांडणारा त्याचा सिग्नल) आणि हायड्राइड (हायड्रोजन चिकटलेले युरेनियम) यांच्याशीच सगळा वेळ झगडावे लागते. तिन्हींना एकच कृती आणि एकच संदर्भ पदार्थ पुरेल असे धरून चाललात, तर दोन तरी गुणोत्तरे बिघडतात.

अचूकता किती हवी तेही आधीच लिहून ठेवा. इंधनाचे संपृक्तन (२३५ चे वाढवलेले प्रमाण) तपासायला ०.१ टक्का पुरतो. समुद्री गाळातल्या २३८/२३५ मधला नैसर्गिक फरक पाहायचा असेल, तर हजारात ०.१ भाग, म्हणजे ०.०१ टक्का लागतो. दोन्हींसाठी लागणारी मेहनत अगदी वेगळी आहे.

बाटली निवडताना

संदर्भ पदार्थांची दोन मोठी घराणी समजा. एक अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या न्यू ब्रन्सविक प्रयोगशाळेकडून आलेले, ज्यांच्या नावापुढे सीआरएम असते. दुसरे युरोपीय आयोगाच्या बेल्जियममधल्या गील इथल्या केंद्राचे. त्यांची नावे आयआरएमएमने सुरू होतात.

सीआरएम ११२-ए हा नैसर्गिक युरेनियमचा धातू आहे. आधी तो एनबीएस ९६० म्हणून ओळखला जायचा. त्याचेच नायट्रेट द्रावण सीआरएम १४५ या नावाने मिळते. भूरसायनात जगभर याच पदार्थाला शून्य मानून डेल्टा मूल्ये (हजारात किती फरक) सांगतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात त्याचे २३८/२३५ गुणोत्तर १३७.८३७ ± ०.०१५ असे आले. त्याआधी कित्येक दशके सगळे जण १९७७ साली सर्वमान्य झालेले १३७.८८ वापरत होते. २०१२ साली झिरकॉन खनिजांवर काळजीपूर्वक केलेल्या मोजमापातून १३७.८१८ हे सरासरी मूल्य पुढे आले आणि खडकांच्या वयांची गणिते पुन्हा तपासावी लागली.

यू-०१०, यू-०५०, यू-१००, यू-५०० अशी एक मालिका आहे. तिच्यातल्या आकड्यांवरून २३५ चे साधारण प्रमाण कळते. यू-५०० मध्ये २३५ आणि २३८ जवळजवळ समसमान असतात, प्रमाणित गुणोत्तर ०.९९९७. मास बायस काढायला हा सोपा पदार्थ, कारण दोन्ही प्रवाह सारखे असल्याने डिटेक्टरची असरळता आड येत नाही.

आयआरएमएम-१८४ हा नैसर्गिकच्या जवळचा पदार्थ. त्याचे प्रमाणित २३५/२३८ आहे ०.००७२६२३ आणि शेवटच्या अंकांत अनिश्चितता २२. दर दहा लाख २३८ अणूंमागे २३४ चे ५३.१३८ अणू आहेत, अनिश्चितता ०.०३२. आयआरएमएम-०७४ ही दहा बाटल्यांची मालिका खास आयन काउंटरसाठी (आयन एकेक करून मोजणाऱ्या डिटेक्टरसाठी) आहे: प्रत्येकीत २३५/२३८ जवळपास एक, पण २३३/२३८ एकापासून दशलक्षांशापर्यंत उतरत जाते. काउंटर छोट्या-मोठ्या प्रवाहांना सारखाच न्याय देतो की नाही, ते त्यावरून कळते. आयआरएमएम-३६३६ हा २३३ आणि २३६ यांचा दुहेरी स्पाइक आहे, प्रमाणित २३३/२३६ आहे १.०१९०६.

निवडीचा माझा नियम सरळ आहे. दुरुस्तीसाठी एक पदार्थ आणि तपासणीसाठी दुसरा. ज्या बाटलीवरून मास बायस काढला, तीच पुन्हा मोजून "बरोबर आले" म्हणण्याला काही अर्थ नाही, ते यावेच लागते. दोन्ही शक्यतो वेगवेगळ्या घराण्यांतले घ्या. नमुन्याच्या जवळचे गुणोत्तर असलेला पदार्थ दुरुस्तीला ठेवला, तर डिटेक्टरच्या कितीतरी चुका दोन्हीकडे सारख्याच पडतात आणि कटून जातात.

परवानगीबद्दल एक गोष्ट. युरेनियम, मग ते मिलिग्रॅमभर का असेना, हिशोबी पदार्थ आहे. मागणी नोंदवण्याआधी आपल्या देशाच्या अणु-नियामकाचे आणि संस्थेच्या विकिरण-सुरक्षा अधिकाऱ्याचे म्हणणे लेखी घ्या. हाताळताना किरणोत्साराइतकाच त्याच्या रासायनिक विषारीपणाचा विचार करा. पोटात गेलेले विद्राव्य युरेनियम मूत्रपिंडांना इजा करते.

प्रमाणपत्र वाचायला शिका

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि नंतर तिथेच अडकतात. प्रमाणपत्रात चार गोष्टी शोधा.

पहिली, अनिश्चितता कोणत्या पातळीची आहे. विस्तारित अनिश्चितता दिली असेल आणि व्याप्ती गुणक (मूळ अनिश्चितता जितक्या पट करून छापली तो आकडा) २ असेल, तर हिशोबात घालताना तिला २ ने भागायचे. जुन्या प्रमाणपत्रांत मांडणी वेगळी असते, तेव्हा शब्दन् शब्द वाचा. दुसरी, आकडे अणूंच्या प्रमाणाचे आहेत की वजनाच्या. संपृक्त पदार्थांच्या कागदावर दोन्ही असतात आणि घाईत चुकीची रांग उचलली जाते. २३५ आणि २३८ च्या वस्तुमानांत सव्वा टक्क्याचा फरक आहे, तेवढी चूक थेट उत्तरात शिरते.

तिसरी, कोणते मूल्य प्रमाणित आहे आणि कोणते नुसते माहितीसाठी दिले आहे. सीआरएम ११२-ए सुरुवातीला युरेनियमचे एकूण प्रमाण ठरवण्यासाठी होता, समस्थानिकांचे प्रमाणित आकडे त्याच्याशी पुढे जोडले गेले. कपाटातला जुना कागद आणि संकेतस्थळावरचा नवा कागद यांत फरक असू शकतो, म्हणून कोणत्या आवृत्तीचा आकडा वापरला ते वहीत टाका.

चौथी, संदर्भ तारीख. २३८ आणि २३५ साठी तिचे महत्त्व शून्य, त्यांची अर्धायुष्ये अनुक्रमे ४.४७ अब्ज आणि ७० कोटी वर्षे. पण २३३ चे अर्धायुष्य सुमारे १ लाख ५९ हजार वर्षेच आहे. पंचवीस वर्षांत ते ०.०११ टक्के घटते. आयआरएमएम-३६३६ च्या प्रमाणित गुणोत्तराची अनिश्चितता ०.०१६ टक्के आहे. म्हणजे जुनी स्पाइकची बाटली वापरताना क्षयाची दुरुस्ती केली नाही, तर जवळपास तेवढीच मोठी चूक गुपचूप हिशोबात येते.

द्रावण आणि स्वच्छता

ऑक्साइडची पूड असेल तर ती शुद्ध नायट्रिक आम्लात गरम प्लेटवर सावकाश विरघळवा. द्रावण पूर्ण नितळ झाले पाहिजे. मूळ द्रावण ताकदवान आम्लात आणि टेफ्लॉनच्या बाटलीत ठेवा, त्याच्यापासून कामाची पातळ द्रावणे करा, आणि मूळ बाटलीत पिपेट कधीही बुडवू नका. थोडे दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, त्या भांड्यात उरलेले टाकून द्या. नुसते गुणोत्तर मोजायचे असेल, तर तंतोतंत वजनाची गरज नाही. विरळ केल्याने गुणोत्तर बदलत नाही. वजन लागते ते स्पाइक मिसळताना.

खरी भीती असते ती भेसळीची. यू-५०० च्या द्रावणाचा अंश नैसर्गिक नमुन्यात दहा हजारांत एक इतकाच गेला असे धरा. यू-५०० मध्ये निम्मे अणू २३५ चे, म्हणजे नमुन्यातल्या २३५ मध्ये एक लाखात पाच अणूंची भर पडली. पण नमुन्यात मुळात ते लाखात फक्त ७२०. उत्तर ०.७ टक्के सरकले! डोळ्यांना काहीच दिसत नाही, सिग्नल सुरेख असतो, सांख्यिकी उत्तम असते.

असे माझ्या वाट्याला आलेले आहे. एका यंत्रावर दिवसभर नैसर्गिक संदर्भाचे गुणोत्तर सकाळी वर आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू खाली येत होते. मी प्लाझ्मा (नमुन्याचे आयन करणारा यंत्रातला तप्त वायू) स्थिर नाही म्हणून दोन दिवस घालवले. शेवटी नुसते आम्ल सोडून २३५ आणि २३८ दोन्ही पाहिले, तर त्या आम्लातले गुणोत्तर ०.०५ च्या आसपास निघाले. आदल्या आठवड्यात त्याच नळीतून संपृक्त नमुने गेले होते. तेव्हापासून संपृक्त आणि नैसर्गिक कामांसाठी नळ्या, नेब्युलायझर (द्रावणाचा फवारा करणारा भाग), कोन (प्लाझ्मातून आयन आत घेणारा शंकू) आणि कुप्या वेगळ्या ठेवते. ब्लँकमध्ये (नमुना न घालता केलेल्या मोजणीत) नुसता सिग्नल किती आहे ते पाहून थांबत नाही, त्याचे गुणोत्तरही मोजते.

रासायनिक विलगीकरण

खडक, पाणी, माती असे नमुने थेट यंत्रात देता येत नाहीत. सगळ्यात वापरातला मार्ग म्हणजे युटेव्हा रेझिन, युरेनियम धरून ठेवणारे दाणे. नमुना ३ मोलार नायट्रिक आम्लात घेऊन कॉलमवर (या रेझिनने भरलेल्या नळीवर) चढवा. याच आम्लाने धुतल्यावर बाकीची मूलद्रव्ये निघून जातात. मग कॉलमला ताकदवान हायड्रोक्लोरिक आम्लातून नेऊन ५ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाने थोरियम उतरवा, त्यात थोडे ऑक्झॅलिक आम्ल असले तर थोरियम चांगले सुटते. शेवटी अगदी पातळ, ०.०२ ते ०.०५ मोलार आम्लाने युरेनियम उतरते.

उतरलेले युरेनियम थेट यंत्रात नेऊ नका. रेझिनमधले सेंद्रिय अंश सोबत येतात आणि मास बायस नमुन्यागणिक बदलवतात. नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून दोनतीनदा सुकवा. कॉलममधून युरेनियम पूर्ण उतरले नाही, तर कॉलमवरच समस्थानिकांची थोडी वर्गवारी होते. दुहेरी स्पाइक रसायनाच्या आधी टाकला, तर ही चूकही त्याच्या दुरुस्तीत धुऊन निघते. स्पाइक नसेल, तर किती टक्के युरेनियम परत मिळाले ते तपासलेच पाहिजे.

प्रत्येक तुकडीत एक पूर्ण ब्लँक आणि एक माहीत असलेला खडक किंवा पाणी न चुकता ठेवा. बीसीआर-२ या बेसॉल्टचे २३८/२३५ सीआरएम ११२-ए च्या तुलनेत हजारात सुमारे ०.२६ ने कमी येते, समुद्राच्या पाण्याचे सुमारे ०.३९ ने कमी. ही मूल्ये अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा आलेली आहेत. शुद्ध द्रावण बरोबर आले आणि बीसीआर-२ चुकले, तर दोष यंत्रात नाही, कॉलमवर आहे.

यंत्र: टिम्स की प्लाझ्मा?

दोन्हींनी उत्तम काम होते. टिम्समध्ये (उष्णतेने आयन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) युरेनियमचा थेंब रेनियमच्या तारेवर सुकवून तापवतात. हलके समस्थानिक आधी उडतात, त्यामुळे गुणोत्तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकत राहते. संपूर्ण बाष्पीभवनाच्या पद्धतीत थेंब संपेपर्यंत सगळा प्रवाह गोळा करतात, मग सुरुवातीचा आणि शेवटचा पक्षपात एकमेकांना बहुतांशी भरून काढतो. २३५/२३८ साठी ही पद्धत फार चांगली आहे. २३४ आणि २३६ साठी तिची सुधारित आवृत्ती वापरतात: मधे मधे थांबून पार्श्वभूमी, शेपटी आणि काउंटरचे प्रमाण मोजायचे.

एमसी-आयसीपी-एमएसमध्ये (प्लाझ्माने आयन करणाऱ्या, अनेक डिटेक्टरांच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) द्रावण प्लाझ्मात जाते. वेग जास्त, पण मास बायस मोठा: युरेनियमसाठी वस्तुमानाच्या दर एककामागे अर्धा ते एक टक्का. हा बायस मोठा असला तरी बऱ्यापैकी स्थिर असतो, म्हणून संदर्भ-नमुना-संदर्भ असा क्रम लावून काम भागते. पुढचे सगळे याच पद्धतीला धरून आहे.

सिग्नलचा अंदाज आधीच बांधा. १०० गिगाओहम रोधावर १ व्होल्ट म्हणजे सेकंदाला ६ कोटी २४ लाख आयन. २३८ दहा व्होल्टवर ठेवले, तर २३५ सुमारे ७३ मिलिव्होल्ट आणि २३४ सेकंदाला साधारण ३३ हजार आयन. २३५ फॅराडेवर, २३४ काउंटरवर. दहा मिनिटांत २३४ चे दोन कोटी आयन मोजले जातात, म्हणजे नुसत्या मोजणीची अनिश्चितता ०.०२२ टक्के. याहून चांगले हवे असेल तर वेळ किंवा युरेनियम वाढवावेच लागेल.

नमुना आणि संदर्भ यांची तीव्रता एकमेकांच्या पाच-दहा टक्क्यांच्या आत आणि दोन्हींचे आम्ल एकाच बाटलीतले ठेवा. दिसायला ही बारीकसारीक बाब आहे, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक न उलगडलेले फरक इथेच सापडतात.

दुरुस्त्या, आणि त्यांचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. आधी काउंटरचा मृत काळ (एक आयन मोजल्यावर काउंटर क्षणभर दुसरा मोजू शकत नाही तो काळ) आणि पार्श्वभूमी, मग शेपटी, मग हायड्राइड, मग काउंटर आणि फॅराडे यांचा मेळ, आणि सर्वांत शेवटी मास बायस.

मृत काळ २० नॅनोसेकंद धरला, तर ३३ हजार आयनांच्या दराला दुरुस्ती ०.०६६ टक्के. त्या २० मध्ये दोनची चूक असली, तरी ०.००७ टक्क्याचाच फरक. म्हणजे प्रवाह आटोक्यात ठेवला, तर मृत काळ फारसा छळत नाही. सेकंदाला दहा लाखांच्या पुढे गेलात की मग छळतो.

२३८ च्या शिखराची शेपटी खालच्या वस्तुमानांवर पसरते. २३४ साठी २३३.५ आणि २३४.५ वर पार्श्वभूमी मोजून मधला अंदाज काढतात. ही शेपटी वक्र असते, वाटीसारखी. दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडले, तर मधली किंमत जास्त येते, दुरुस्ती जास्त होते आणि २३४ कमी भरते. लॉगरिदम घेऊन जोडा. २३६ साठी ऊर्जा-गाळणी असलेला काउंटर लागतोच.

हायड्राइड समजायला एक हिशोब पुरे. २३५ ला एक हायड्रोजन चिकटला की तो २३६ म्हणून दिसतो. २३९ वर पाहून हायड्राइडचे प्रमाण कळते, कारण शुद्ध युरेनियमच्या द्रावणात २३९ वर २३८ चे हायड्राइडच असते. समजा ते दहा लाखांत ५ आले. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५/२३८ आहे ०.००७२५, तेव्हा २३६ वर खोटी भर पडते एक अब्जात ३६ अणूंची. आयआरएमएम-१८४ मध्ये खरे २३६ आहे एक अब्जात १२४. खऱ्याच्या जवळपास तीस टक्के खोटी भर! ही दुरुस्ती न करता २३६ चा आकडा कुणाला देऊ नये.

आता मास बायस, प्रत्यक्ष आकड्यांसह. आकडे उदाहरणादाखल आहेत, हिशोब खरा आहे.

दुरुस्तीला आयआरएमएम-१८४, तपासणीला सीआरएम ११२-ए. समजा १८४ चे मोजलेले २३५/२३८ आले ०.००७१३२०. प्रमाणित ०.००७२६२३. प्रमाणिताला मोजलेल्याने भागले की गुणक मिळतो १.०१८२७. पुढच्या कुपीत ११२-ए मोजला, आले ०.००७१२४३. गुणकाने गुणा: ०.००७२५४५. उलटे केले तर २३८/२३५ = १३७.८४६. ११२-ए चे मान्य मूल्य १३७.८३७. जुळले.

२३४/२३८ साठी हाच गुणक चालत नाही, कारण तिथे वस्तुमानांतला फरक चार एककांचा आहे. घातांकी नियम लावा: खरे गुणोत्तर म्हणजे मोजलेले गुणोत्तर गुणिले, दोन वस्तुमानांच्या भागाकाराचा बीटा घात. वस्तुमाने घ्या २३४.०४१०, २३५.०४३९ आणि २३८.०५०८. पूर्णांक वस्तुमाने वापरू नका. १.०१८२७ च्या लॉगरिदमला २३५ भागिले २३८ च्या लॉगरिदमने भागले की बीटा मिळतो उणे १.४२४. तोच बीटा २३४ आणि २३८ ला लावल्यावर गुणक येतो १.०२४४९. मोजलेले दहा लाखांत ५१.५७ असेल, तर दुरुस्त मूल्य ५२.८३, आणि ११२-ए चे मान्य मूल्य ५२.८४ च्या आसपास आहे. मात्र ही जुळणी काउंटर आणि फॅराडे यांचा मेळ आधी नीट बसवला असेल तरच येते. तो मेळ संदर्भाच्या २३४ वरून बसवत असाल, तर बीटाचा वेगळा वापर उरत नाही, सगळे एकाच गुणकात येते. दोन्ही करून दुहेरी दुरुस्ती होऊ देऊ नका.

दुहेरी स्पाइक कधी वापरावा

हजारात ०.१ च्या पातळीवर २३८/२३५ हवे असेल, तर शेजारचा संदर्भ पुरत नाही, कारण नमुन्यातल्या उरल्यासुरल्या क्षारांमुळे बीटा त्याचा त्याचा वेगळा होतो. स्पाइकमुळे बीटा त्याच क्षणी, त्याच नमुन्यातून मिळतो.

इथे एक सुंदर योग आहे. २३३ ते २३६ म्हणजे तीन एकके, २३५ ते २३८ म्हणजेही तीन. त्यामुळे एका जोडीवरची दुरुस्ती दुसरीवर जवळजवळ जशीच्या तशी बसते, नियम घातांकी की दुसरा याने फारसे बिघडत नाही. पण याच कारणाने स्पाइकच्या प्रमाणपत्रातली ०.०१६ टक्के अनिश्चितताही जशीच्या तशी उत्तरात उतरते, म्हणजे हजारात ०.१६. मग हजारात ०.०५ चा फरक लोक कसे पाहतात? तोच स्पाइक सीआरएम ११२-ए मध्ये मिसळून तो नमुन्यांच्या आगेमागे मोजतात आणि उत्तर ११२-ए च्या तुलनेत देतात. स्पाइकची चूक दोन्हीकडे सारखी असल्याने ती वजा होते. त्यासाठी नमुना आणि ११२-ए दोन्हींत स्पाइकचे प्रमाण सारखे ठेवा.

स्पाइकमध्ये स्वतःचे थोडे २३४, २३५ आणि २३८ असते, ते प्रमाणपत्रातून घेऊन वजा करा. २३४ च्या बाबतीत ही वजाबाकी मोठी होते, म्हणून २३४/२३८ साठी नमुन्याचा स्पाइक न टाकलेला भाग राखून ठेवलेला बरा.

अनिश्चिततेचा हिशोब

वरच्या उदाहरणाकडे परत या. यंत्राची पुनरावृत्ती कितीही छान असो, दुरुस्ती आयआरएमएम-१८४ वरून केली आणि त्याची विस्तारित अनिश्चितता २२ भागिले ७२६२३, म्हणजे ०.०३० टक्के आहे. १३७.८४६ च्या ०.०३० टक्के म्हणजे ०.०४२. पुनरावृत्तीचे ०.०१४ धरून वर्गांची बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या: ०.०४४. याहून लहान अनिश्चितता कुणी छापली, तर तो संदर्भाचा वाटा विसरला आहे. निम्म्याहून जास्त अहवालांत मला हीच चूक दिसते: दहा मोजमापांचे प्रमाण विचलन काढले, दहाच्या वर्गमुळाने भागले, आणि तेच अनिश्चितता म्हणून लिहिले.

जुळणीचा निकाल असा लावा. फरक ०.००९. आपली ०.०४४ आणि ११२-ए ची ०.०१५, वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ: ०.०४६. भागाकार ०.२. एकाच्या आत आहे, म्हणून जुळते. पण तपासणीचा पदार्थ महिनोन्महिने एकाच बाजूला ०.२ ने झुकत असेल, तर एकाच्या आत असूनही त्याच्या मागे लागा. योगायोगाने येणारा फरक कधी वर, कधी खाली येतो. सतत एकाच दिशेला असेल, तर कुठली तरी दुरुस्ती अपुरी आहे. म्हणून तपासणीच्या पदार्थाचा तक्ता भिंतीवर लावा, तारखेनिशी, आणि कोन बदलला, रेझिनची नवी बाटली उघडली, आम्ल बदलले की त्यावर खूण करा.

निकाल लिहिताना

निकालाच्या ओळीत गुणोत्तर, विस्तारित अनिश्चितता आणि व्याप्ती गुणक यांच्याबरोबर दुरुस्तीच्या संदर्भाचे नाव आणि त्याचे घेतलेले मूल्य लिहा. "सीआरएम ११२-ए च्या तुलनेत" एवढेच पुरत नाही; "सीआरएम ११२-ए, २३८/२३५ = १३७.८३७ धरून" असे लिहा. उद्या ते मूल्य बदलले, तर तुमचा निकाल कुणालाही पाच मिनिटांत नव्या मापावर आणता येईल. १३७.८८ च्या काळातले कित्येक निबंध असे आहेत की त्यांत कोणते मूल्य धरले तेच लिहिलेले नाही, आणि ते आज वापरता येत नाहीत.

२३४/२३८ क्रियाशीलतेच्या (अणूंच्या संख्येऐवजी त्यांच्या क्षयाच्या दराच्या) भाषेत द्यायचे असेल, तर कोणती अर्धायुष्ये घेतली तेही सांगा. २३४ चे २ लाख ४५ हजार ६२० वर्षे धरल्यास समतोलातले (२३४ जितके तयार होते तितकेच क्षय पावते तेव्हाचे) अणूंचे गुणोत्तर दहा लाखांत ५४.९७ येते, ११२-ए त्याच्यापेक्षा हजारात सुमारे ३८ ने खाली आहे, कारण तो समतोलात नाही. समुद्राचे पाणी वर आहे, क्रियाशीलतेचे गुणोत्तर सुमारे १.१४७.

आणि मोजून उरलेले द्रावण लगेच टाकू नका. कुपीवर तारीख, आम्लाची तीव्रता, वजन आणि त्या दिवशी वापरलेल्या संदर्भाच्या बाटलीचा क्रमांक लिहून ती बंद करून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी त्या आकड्यावर शंका घेतली, तर तीच कुपी पुन्हा यंत्राला लावता येते.